विश्लेषण : टाटांकडे आल्यानंतर जग्वार-लँड रोव्हरचा दर्जा खरेच घसरला का?

जग्वारच्या पेट्रोल-डिझेल मोटारींचे उत्पादन थांबले आहे आणि नव्या विद्युत मोटारीची प्रतीक्षा सुरू आहे. या मधल्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेतील मोटारप्रेमींमध्ये एक जुना वाद पुन्हा रंगला आहे. ‘मालकी परक्यांकडे गेली आणि गाडी बिघडली’ हा आरोप टाटांवर होतो आहे. जग्वार लँड रोव्हर (जेएलआर) ही टाटा समूहाची सर्वांत मोठी परदेशी मिळकतींपैकी एक. तिच्या कमाईवर मुंबईच्या शेअर बाजारातील लाखो भागधारकांचे लक्ष असते आणि तिच्या काही गाड्यांची जुळणी पुण्यात होते. त्यामुळे या आरोपात तथ्य किती, हे तपासणे आपल्यासाठीही महत्त्वाचे ठरते.

वाद नेमका काय आहे?

टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड २ जून २००८ रोजी ताब्यात घेतले. किंमत होती २.३ अब्ज डॉलर. त्यानंतरच्या काळात विश्वासार्हतेच्या पाहण्यांमध्ये या गाड्या, विशेषतः लँड रोव्हर, वारंवार तळाशी दिसल्या. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, ते जाहीर करते. २०२३ च्या अहवालात लेक्ससच्या १०० गाड्यांमागे १३३ तक्रारी होत्या, सर्व कंपन्यांची सरासरी १८६ होती आणि लँड रोव्हर २७३ तक्रारींसह शेवटच्या क्रमांकावर होती. त्याआधीच्या दोन वर्षांतही तीच शेवटी होती.

याउलट २००९ च्या अहवालात १२२ तक्रारींसह ब्युइकच्या जोडीने पहिल्या क्रमांकावर कोण होते? जग्वार. म्हणजे टाटांकडे येताना जग्वार अव्वल होती आणि दीड दशकात गाडी घसरली, असा सरळ निष्कर्ष काढता येतो. तो अर्धाच खरा आहे. कारण अहवालाचे वर्ष आणि गाडी बनवणाऱ्या मालकाचे वर्ष एक नसते.

वर्षांचा हा घोळ काय आहे?

२००९ चा अहवाल तीन वर्षे जुन्या, म्हणजे २००६ च्या गाड्यांचा होता. त्या गाड्या फोर्डच्या काळात बनल्या. त्यांचा आराखडा, इंजिनाची निवड, सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांशी करार ही कामे त्याहूनही चार-पाच वर्षे आधी झालेली. मोटार उद्योगात नवे मॉडेल कागदावरून रस्त्यावर यायला साधारण एवढा काळ लागतो. मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्यातून वेगळी गाडी बाहेर पडत नाही.

रेंज रोव्हरचे उदाहरण बोलके आहे. तिची तिसरी पिढी बीएमडब्ल्यूच्या मालकीत विकसित झाली. ती बाजारात आली तेव्हा मालक होता फोर्ड, पण बॉनेटखाली इंजिन बीएमडब्ल्यूचेच होते. रेंज रोव्हर इव्होकचेही तसेच. टाटांच्या काळातील पहिले मोठे यश म्हणून २०११ च्या या गाडीकडे बोट दाखवले जाते. पण तिचे मूळ रूप जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे फोर्ड मालक असतानाच डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडले गेले होते. तेव्हा टाटांच्या पहिल्या काही वर्षांतील यशाचे श्रेय जसे पूर्णपणे टाटांचे नाही, तसेच त्या वर्षांतील दोषांचे खापरही पूर्णपणे त्यांच्यावर फोडता येत नाही. साधारण २०१४-१५ नंतर आलेल्या गाड्या मात्र निःसंशय टाटा काळातील आहेत.

‘अस्सल ब्रिटिश’ काळात दर्जा चांगला होता का?

‘पूर्वीची जग्वार काय होती!’ असे म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तिचे रूप असते. विल्यम लायन्स यांनी भागीदारासह १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे मोटारसायकलींच्या साइडकार बनवण्यापासून सुरुवात केली. पुढे त्यांच्या गाड्यांनी सौंदर्य आणि वेग यांत नाव कमावले. विश्वासार्हतेबाबत मात्र ख्याती वेगळी होती. ब्रिटिश गाड्यांना विजेची उपकरणे पुरवणाऱ्या लुकास कंपनीला मोटारप्रेमी थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत, कारण गाडीचे दिवे कधी दगा देतील याचा नेम नसे.

१९६८ मध्ये जग्वार आणि रोव्हर दोन्ही ब्रिटिश लेलँड या महाकाय कंपनीत आल्या. सत्तरच्या दशकातील संप, निधीची चणचण आणि सरकारी मालकी यांत दर्जाची पार रया गेली. १९८४ मध्ये जग्वारचे खासगीकरण झाले आणि जॉन इगन यांच्या कारकीर्दीत काही सुधारणा झाली. तरीही १९८९-९० मध्ये फोर्डने जग्वार घेतली, तेव्हा फोर्डने नेमलेले प्रमुख बिल हेडन यांनी तिच्या कारखान्याची तुलना सोव्हिएत रशियातील गोर्कीच्या मोटार कारखान्याशी केली होती. ती प्रशंसा नव्हती.

मग जग्वार सुधारली कधी? परक्या मालकाच्या हाताखाली. फोर्डने कारखान्यांत शिस्त आणली, सुटे भाग तपासण्याच्या पद्धती बदलल्या आणि स्वतःच्या प्रचंड साखळीतील भाग वापरायला दिले. २००९ चा पहिला क्रमांक हे त्याचे फळ. त्याची किंमतही मोजावी लागली. २००१ ची एक्स-टाइप ही फोर्ड माँडेओच्या सांगाड्यावर बेतलेली असल्याने ‘सुटाबुटातली माँडेओ’ अशी तिची हेटाळणी झाली. गाडी सुधारली, पण वेगळेपण हरवले आणि जग्वारमुळे फोर्डला सतत तोटा सोसावा लागला.

लँड रोव्हरची कथा आणखी सरळ आहे. ब्रिटिश लेलँड, बीएमडब्ल्यू, फोर्ड आणि टाटा असे मालक बदलत गेले, पण विश्वासार्हतेच्या तक्त्यातील तिची जागा फारशी हलली नाही. फोर्डच्या काळातही ती जे. डी. पॉवरच्या यादीत तळाशीच असे. म्हणजे ‘टाटांनी बिघडवली’ हा आरोप लँड रोव्हरबाबत टिकत नाही. ‘टाटांनाही सुधारता आली नाही’ असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

टाटांनी ताबा घेतल्यावर काय बदलले?

व्यवहारानंतर तीनच महिन्यांत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभर आलिशान गाड्यांची मागणी आटली. व्यवहारासाठी टाटांनी ३ अब्ज डॉलरचे अल्पमुदतीचे कर्ज काढले होते. टाटांनी चूक केली, असे तेव्हा उघडपणे बोलले जात होते. तरीही त्यांनी दोन गोष्टी केल्या. संशोधन आणि नव्या मॉडेलांवरचा खर्च थांबवला नाही आणि आराखडा, अभियांत्रिकी, उत्पादन यांचे निर्णय ब्रिटनमधील व्यवस्थापनाकडेच ठेवले. गेडन आणि व्हिटली येथील अभियंते आणि सॉलिहल, हेलवूड येथील कारखाने कायम राहिले.

परिणाम दिसला. २०१२ मध्ये जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या दर्जाविषयीच्या पाहणीत लेक्सस पहिली आली आणि पोर्शच्या बरोबरीने जग्वार दुसरी आली. टाटांची मालकी तेव्हा चार वर्षांची झाली होती. मालकाचा पासपोर्ट बदलताच दर्जा ढासळला असता, तर हे घडले नसते. परदेशात काही वेळा ‘आता ती भारतीय गाडी झाली’ अशी टिप्पणी ऐकू येते, तीही वस्तुस्थितीला धरून नाही. पुण्यात २०११ पासून होणारी जुळणी भारतीय ग्राहकांसाठी आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये बिघडलेली रेंज रोव्हर ब्रिटनमध्येच बनलेली असते.

मग घसरण सुरू कुठे झाली?

फोर्डपासून वेगळे होताना जेएलआरकडे स्वतःची लहान इंजिने नव्हती. ती फोर्ड आणि तिच्या भागीदारांकडून करारावर येत. प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनावर कायम विसंबून राहणे शक्य नव्हते. म्हणून वुल्व्हरहॅम्प्टन येथे ५० कोटी पाउंड खर्चून इंजिन कारखाना उभारण्यात आला. २०१४ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि ‘इंजेनियम’ मालिकेची इंजिने तयार होऊ लागली. निर्णय धाडसी होता आणि आवश्यकही. पण नवे इंजिन, नवे सांगाडे, नवी इलेक्ट्रॉनिक प्रणाली आणि नवी मॉडेल्स हे सगळे एकाच वेळी हाती घेतले गेले.

त्यातून उद्भवलेल्या तक्रारींपैकी एक समजून घेण्यासारखी आहे. डिझेल गाडीच्या धुरातील काजळी अडवण्यासाठी एक गाळणी असते. ती भरली की काजळी जाळण्यासाठी तिचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी इंजिन थोडे जास्तीचे डिझेल उशिराने फवारते. गाडी महामार्गावर सलग धावत असेल तर हे काम पूर्ण होते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते अर्धवट राहते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, वंगण कमी पडते, झीज वाढते. हा दोष कमी-अधिक प्रमाणात सर्वच कंपन्यांच्या डिझेल गाड्यांत आढळतो. पण आडवे इंजिन असलेल्या डिस्कव्हरी स्पोर्ट आणि इव्होकच्या डिझेल मॉडेलांबाबत ब्रिटनमध्ये तक्रारी विशेष झाल्या. ठरलेल्या अंतराच्या बऱ्याच आधी ऑइल बदलावे लागत असल्याने ग्राहक वैतागले. इंजेनियम डिझेलच्या टायमिंग चेनबद्दलही तक्रारी आल्या.

२०१८ ची विद्युत आय-पेस हे दुसरे उदाहरण. २०१९ मध्ये तिला ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला. पुढे बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०२४ मध्ये २०१९ च्या मॉडेलच्या २,७६० गाड्या कंपनीने परत विकत घेण्याचा मार्ग स्वीकारला. गंमत म्हणजे ही गाडी बनत होती ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मॅग्ना स्टायर या कंत्राटी उत्पादकाकडे आणि तिच्या बॅटरीचे सेल होते दक्षिण कोरियाच्या एलजीचे. मालक भारतीय, अभियंते ब्रिटिश, कारखाना ऑस्ट्रियन, सेल कोरियन! अशा गाडीच्या दोषाला एका देशाचे नाव कसे देणार?

कंपनीने हे कधी मान्य केले का?

केले, आणि तेही नेमक्या शब्दांत. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी थिएरी बोलोरे यांनी दर्जाविषयीच्या नाराजीमुळे कंपनी वर्षाला सुमारे एक लाख गाड्यांच्या विक्रीला मुकत असल्याचे सांगितले. जेएलआरची विक्री भरभराटीच्या काळातही वर्षाला सहा लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती मोठा आहे ते कळते. तेव्हा ‘टाटांच्या काळात दर्जाचा प्रश्नच नाही’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडील अभिमानी मंडळींनाही यात उत्तर आहे.

मूळ कारण काय? पैसा की आकारमान?

दोन्ही, पण आकारमान अधिक. बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज वर्षाला २० लाखांच्या आसपास गाड्या विकतात. इंजिन किंवा संगणकप्रणाली विकसित करण्याचा खर्च गाडी सहा लाख विकली काय आणि २० लाख विकली काय, जवळपास तितकाच येतो. चाचण्यांवर, सॉफ्टवेअरमधील चुका शोधण्यावर, पुरवठादारांवर देखरेख ठेवण्यावर प्रत्येक मॉडेलमागे किती खर्च करता येतो, हे त्या भागाकारावर ठरते. फोर्डच्या काळात जग्वारला मोठ्या कुटुंबाची सावली होती. टाटांच्या काळात तिला स्वातंत्र्य मिळाले, पण खर्च वाटून घ्यायला आलिशान गाड्या बनवणारे दुसरे भावंड नव्हते. उलट लँड रोव्हरच्या डी-८ सांगाड्यावरून घेतलेल्या रचनेवर टाटांची हॅरिअर पुण्यात तयार झाली. तंत्रज्ञानाचा ओघ इथे उलट दिशेने होता.

त्यात २०१७ नंतर डिझेलविरोधी लाट आली. ब्रिटनमधील जेएलआरच्या विक्रीत तेव्हा सुमारे ९० टक्के गाड्या डिझेलच्या होत्या. चीनमधील विक्री घटली, ब्रेग्झिटची अनिश्चितता होतीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने आपल्या मालमत्तेचे मूल्य ३.१ अब्ज पाउंडांनी कमी केले आणि त्या तिमाहीत टाटा मोटर्सला सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला. त्याच वर्षी साडेचार हजार नोकऱ्यांवर कुऱ्हाड कोसळली. ज्या काळात नव्या इंजिनांच्या आणि प्रणालींच्या चुका निस्तरायच्या, नेमक्या त्याच काळात खर्चाला कात्री लागली.

इतर ब्रँडचा अनुभव काय सांगतो?

चीनच्या जिलीने २०१० मध्ये फोर्डकडूनच व्होल्वो घेतली. तिनेही अभियांत्रिकी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे राहू दिली. फरक असा की लहान गाड्यांचा सांगाडा व्होल्वोने जिलीच्या लिंक अँड कोसारख्या ब्रँडसोबत वाटून घेतला आणि खर्च विभागला गेला. रोल्स-रॉइस आणि मिनी बीएमडब्ल्यूकडे, बेंटली फोक्सवॅगनकडे गेली. या तिघींच्या आत जर्मन यंत्रणा आहे आणि त्यामुळे त्यांची घडी बसली, असेच मानले जाते. दुसरीकडे त्याच बीएमडब्ल्यूला १९९४ ते २००० या काळात रोव्हर समूह सावरता आला नाही. म्हणजे परकी मालकी तारतेही आणि बुडवतेही. मालक कुठला, यापेक्षा तो पैशासोबत तयार तंत्रज्ञान आणि मोठे उत्पादन देऊ शकतो का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

जग्वारची विक्री कोसळली ती दर्जामुळेच का?

एप्रिल २०२५ मध्ये युरोपात जग्वारच्या केवळ ४९ गाड्यांची नोंदणी झाली. आदल्या वर्षी त्याच महिन्यात ती १,९६१ होती. ‘९७ टक्के घसरण’ हा मथळा जगभर फिरला आणि गुलाबी-निळ्या रंगांतील नव्या जाहिरातीला, क्वचित टाटांना दोष दिला गेला. वस्तुस्थिती अशी की जग्वारने जुनी मॉडेल्स ठरवून बंद केली होती आणि नवी आलेली नव्हती. दुकानात माल नसेल तर गल्ला भरणार कसा? तसेच सप्टेंबर २०२५ मधील उत्पादनबंदीचे कारण सायबर हल्ला हे होते, गाडीचा दर्जा नव्हे. ऑक्टोबरमध्ये कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू होईपर्यंत सुमारे पाच आठवडे उत्पादन ठप्प होते. त्या हल्ल्याने ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेला १.९ अब्ज पाउंडांचा फटका बसल्याचा अंदाज तेथील सायबर मॉनिटरिंग सेंटरने वर्तवला.

मात्र जुनी मॉडेल्स बंद करण्याची वेळ का आली, याच्या मुळाशी दर्जाचा प्रश्न काही प्रमाणात आहेच. एक्सई, एक्सएफ या गाड्या चालवायला उत्तम असल्याचे समीक्षक सांगत, तरी ग्राहक बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजकडे वळत राहिला. विश्वासार्हतेची शंका हे त्यामागचे एक कारण होते.

मग नफा कसा होतो?

हा या कथेतील विरोधाभास आहे. २०२३-२४ मध्ये जेएलआरने २९ अब्ज पाउंडांचे विक्रमी उत्पन्न मिळवले. म्हणजे ज्या काळात लँड रोव्हर विश्वासार्हतेत शेवटची होती, जवळपास त्याच काळात तिची कमाई सर्वाधिक होती. रेंज रोव्हर आणि डिफेंडर घेणारा ग्राहक प्रतिष्ठा, आराम आणि खडतर रस्त्यावरची क्षमता यांसाठी पैसे मोजतो. त्यातल्या अनेकांच्या घरी दुसरी गाडी असते आणि पहिली दुरुस्तीला गेली तरी काम अडत नाही. मात्र वॉरंटीचा खर्च कंपनीच्या खिशातून जातो आणि वॉरंटी संपल्यावर गाडी घेणाऱ्या दुसऱ्या मालकाच्या खिशातून. जुन्या आलिशान गाड्यांच्या बाजारात रेंज रोव्हर आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त मिळते, त्याचे कारण हेच. मुंबई-पुण्यात अशी गाडी पाहणाऱ्याने किमतीआधी सर्व्हिसचा इतिहास, वाढीव वॉरंटी आणि डिझेल असल्यास ऑइल कधी कधी बदलले, हे तपासलेले बरे.

निष्कर्ष काय निघतो?

लँड रोव्हरची दुखणी टाटांच्या आधीची आहेत आणि चारही मालकांना पुरून उरली आहेत. जग्वारची घसरण मात्र खरी आहे. ती मालकी बदलताच झाली नाही. स्वतंत्र होण्यासाठी एकाच वेळी खूप काही करायला घेतले आणि ते तडीस नेण्याइतके आकारमान नव्हते, तेव्हा ती झाली. ते निर्णय ब्रिटनमध्ये घेतले गेले असले तरी त्यांना मंजुरी मुंबईची होती. त्यामुळे टाटांना जबाबदारी झटकता येणार नाही.

आता परीक्षा पुढे आहे. ऑक्टोबर २०२५ मधील विभाजनानंतर जेएलआर ही टाटा मोटर्सच्या प्रवासी वाहन कंपनीचा भाग आहे. पी. बी. बालाजी हे टाटा मोटर्सचे माजी वित्तप्रमुख नोव्हेंबर २०२५ पासून तिचे नेतृत्व करीत आहेत. विद्युत रेंज रोव्हर आणि नवी जग्वार या दोन्ही नव्या प्रणालींवर येणार आहेत, म्हणजे २०१४-१५ सारखीच जोखीम पुन्हा घेतली जात आहे. या गाड्या तीन वर्षे रस्त्यावर धावतील आणि त्यांचे मालक तक्रारींचा अर्ज भरतील, तेव्हा येणारा आकडा मात्र फोर्डच्या किंवा ब्रिटिश लेलँडच्या खात्यावर टाकता येणार नाही.